घडवून घेतलेले वाद्य

दुकानात मांडलेली वस्तू विकत घेणे आणि तीच वस्तू कारागिराकडून आपल्या मापाने घडवून घेणे, या दोन व्यवहारांत वरवर पाहता फारसे अंतर दिसत नाही. दोन्हींत पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि त्याच्या बदल्यात वस्तू येते. परंतु पहिल्या व्यवहारात आपण जे घेतो ते आपल्या डोळ्यांसमोर असते. दुसऱ्यात आपण जे घेतो ते अद्याप जगात अस्तित्वातच नसते. जे अस्तित्वात नाही त्यावर माणसाचा अधिकार तो किती? आणि ते अस्तित्वात आणणाऱ्या माणसावर, केवळ आपण आगाऊ पैसे मोजले म्हणून, आपला अधिकार कोठपर्यंत पोचतो? वीस वर्षांच्या वकिलीत हा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही, याची आज थोडी लाज वाटते. तो पडला एका गिटारीच्या निमित्ताने, आणि तोही आमच्या हातून एक चूक घडून गेल्यानंतर.

आमची कन्या गेली सहा वर्षे मडगावात गिटार शिकत आहे. सिनेमातील गाण्यांना साथ करणारी पोलादी तारांची गिटार नव्हे, तर नायलॉनच्या तारांची, बोटांच्या नखांनी छेडावयाची, स्पेन देशात वाढलेली गिटार. एका पालखीच्या रात्री आमच्या देवळाच्या एका वयोवृद्ध महाजनांनी आम्हांस हटकलेच, "वकील, मुलीच्या हाती तंबोरा द्यायचा सोडून हे फिरंग्याचे वाद्य कशाला दिलेत?" आम्ही काही न बोलता सभामंडपातील पेटीकडे बोट दाखविले. पेटीही युरोपातूनच आली. आकाशवाणीने तिला १९४० पासून १९७१ पर्यंत आपल्या कार्यक्रमांतून दूर ठेवले. देवळांनी मात्र कधी ठेवले नाही. व्हायोलिनचीही तीच कथा. दक्षिणेतील गायक त्याच्यावाचून मैफलीला बसत नाहीत. वाद्याला जन्मभूमी असते, परंतु जात नसते. महाजन हसले आणि विषय तेथेच राहिला.

खरी अडचण निराळी होती. या जातीच्या गिटारीत घोडीपासून दांडीच्या टोकापर्यंत मोकळ्या तारेची लांबी साधारणतः ६५० मिलिमीटर असते. हे माप प्रौढ पुरुषाच्या हाताला धरून रूढ झालेले. आमच्या कन्येचा पंजा लहान, करंगळी तर विशेषच आखूड. अवघड रचना वाजवू लागल्यावर तिच्या डाव्या मनगटाला सूज येऊ लागली. तिच्या गुरुजींनी स्पष्टच सांगितले, की एक तर हिच्या हाताच्या मापाची गिटार घडवून घ्या, नाहीतर या रचना सोडून द्या. डॉक्टरांचेही मत काही वेगळे पडले नाही. तेव्हा ही हौसेची खरेदी नव्हती. ज्या मुलीला वाजविल्यावाचून झोप लागत नाही, तिचा हात शाबूत राहण्याचा प्रश्न होता. आमच्या पुढील वर्तनाचे समर्थन करण्यासाठी हे सांगत नाही. पण ते वर्तन कोठून आले हे वाचकांस कळावे.

सासष्टीतल्या एका खेड्यात एक गृहस्थ अशा गिटारी करतात. वर्षाकाठी चार, फार तर पाच. त्यांचे वडील सुतार होते. गाव त्या दोघांनाही 'मेस्त' या एकाच नावाने ओळखतो. आम्ही कन्येला घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी प्रथम पैशांची गोष्ट काढली नाही. मुलीला वाजवायला सांगितले, तिचा पंजा एका कागदावर ठेवून पेन्सिलीने रेखून घेतला, घरी वाजवतेस की मंडपात, खिडकीजवळ बसतेस की आतल्या खोलीत, असे आम्हांस निरर्थक वाटणारे प्रश्न विचारले. मग त्यांनी तारेची लांबी ६३० मिलिमीटर ठरविली, दांडीची रुंदी किंचित कमी केली, आणि नऊ महिने लागतील असे सांगितले. एक तृतीयांश रक्कम आम्ही तेथेच मोजली.

घरी येऊन आम्ही आमच्या सवयीप्रमाणे करारपत्र तयार केले. त्यात लाकडाचा प्रकार होता, मापे होती, तारीख होती, तारीख चुकल्यास दर आठवड्याला अमुक इतकी नुकसानभरपाई होती. आणि शेवटच्या कलमात, वाद्याचा आवाज समाधानकारक न वाटल्यास ते नाकारून संपूर्ण रक्कम परत मागण्याचा अधिकार आम्ही स्वतःकडे राखून ठेवला होता. आठ दिवसांनी ते घेऊन गेलो. मेस्तांनी ते दोनदा वाचले. मग कपाटातून आमच्या नोटा काढून, मोजून, आमच्यासमोर ठेवल्या. "लाकूड लिहा, मापे लिहा, सांधे लिहा, वर्षभरात काही सुटले तर मी फुकट जोडून देईन हेही लिहा," ते म्हणाले. "पण पावसात तबली चिकटवायला मला लावू नका. आणि आवाज... आवाज हांव दिवंक शकना, वकीलबाब. तो लाकडातून यायचा असतो."

आम्ही नोटा उचलल्या आणि परत निघालो. वाटेत कन्या बराच वेळ बोलली नाही. शेवटी म्हणाली, "बाबा, जे त्यांना देता येणार नाही ते देईन म्हणून त्यांनी सही केली असती, तर तुम्हांला बरे वाटले असते का?"

या प्रश्नाने आम्हांस रात्री पुस्तके काढावयास लाविले. वकिलाला विवेक सुचत नसला, की तो प्रथम कायदा पाहतो. कायद्यात या विषयावर जुना वाद आहे. १८६१ साली इंग्लंडात एका दंतवैद्याने एका बाईंसाठी दातांची कवळी केली. कवळी घेण्यापूर्वीच बाई वारल्या. त्यांच्या मागे इस्टेट सांभाळणाऱ्यांकडून दंतवैद्याला पैसे मिळावे की नाही, हे ठरविताना प्रश्न आला, की ही मालाची विक्री की कसबाची मजुरी? न्यायालयाने सांगितले, की अखेरीस हातात वस्तू पडावयाची होती, म्हणून ती विक्री. पुढे १९३५ साली एका व्यक्तिचित्राचा खटला झाला. चित्र सांगणाऱ्याने मध्येच माघार घेतली होती. तेथे न्यायालयाने उलट सांगितले: चित्रात रंग आणि कापड ही नाममात्र, मोल आहे ते चित्रकाराच्या कौशल्याचे, म्हणून हा विक्रीचा करार नव्हे. आता गिटार ही कवळी की चित्र? तिला माप असते, ती हाताला नेमकी बसावी लागते. तेथवर ती कवळी आहे. पण कवळीला कोणी आवाज मागत नाही.

आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्याचे सोळावे कलम सांगते, की ग्राहकाने आपला हेतू सांगितला असेल आणि विक्रेत्याच्या कौशल्यावर तो विसंबला असेल, तर माल त्या हेतूस योग्य असावा ही अट न लिहिताही करारात असते. म्हणजे मुलीच्या हाताला गिटार बसली पाहिजे, हा आमचा अधिकार मेस्तांच्या सहीविनाही होताच. परंतु १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे चौदावे कलम आणखी एक गोष्ट सांगते. जो करार एखाद्याच्या व्यक्तिगत गुणांवर इतका अवलंबून आहे, की न्यायालयाला त्याच्या महत्त्वाच्या अटी बजावून घेता येणार नाहीत, तो जसाच्या तसा पुरा करून घेण्याचा हुकूम न्यायालय देत नाही. भरपाई देववील, पण 'जा, आणि चांगली गिटार कर' असे कोणत्याही न्यायाधीशाला म्हणता येत नाही. आम्ही हे कलम कित्येकदा न्यायालयात वाचून दाखविले आहे. त्याचा अर्थ त्या रात्री प्रथम कळला. राज्यसत्तेचा हात माणसाच्या घरात, तिजोरीत, तुरुंगाच्या कोठडीपर्यंत पोचतो. मात्र कारागिराच्या अंगठ्यात आणि तर्जनीत जे असते त्याच्या उंबरठ्यावर तो थांबतो.

अंगठा आणि तर्जनी हे शब्द आमचे नव्हेत. आजच्या गिटारीला जे रूप आहे ते बहुतांशी आल्मेरियाच्या आन्तोनियो दे तोरेस याने एकोणिसाव्या शतकात दिले. त्याचा जन्म १८१७ चा, मृत्यू १८९२ चा. तबली, म्हणजे वाद्याची पुढची पातळ फळी, हीच गिटारीचा प्राण आहे असे त्याचे मत होते. ते सिद्ध करण्यासाठी १८६२ साली त्याने एक गिटार अशी केली, की तिची पाठ व बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या होत्या. त्याला ओळखणाऱ्या एका धर्मोपदेशकाने त्याची एक आठवण लिहून ठेवली आहे. तुझे रहस्य मागे ठेवून जा असे सांगितल्यावर तोरेस म्हणाला होता, की ते ठेवता येत नाही; तबली नीट झाली की नाही हे माझ्या अंगठ्याला आणि तर्जनीला कळते आणि ते बुद्धीला सांगतात, एवढेच ते रहस्य आहे. जे रहस्य स्वतः जाणणाऱ्यालाही देता येत नाही, ते कराराच्या कलमात कसे मावणार?

परंतु येथे वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. आगाऊ रक्कम घेऊन वर्षानुवर्षे फिरविणारे सुतार, सोनार आणि घरे बांधणारे आम्ही रोज पाहतो. त्यांच्यापैकी प्रत्येकाजवळ 'कला घाईने होत नाही' हे वाक्य तयार असते. कारागिराच्या प्रतिष्ठेच्या नावाखाली गिऱ्हाइकाने आपली फसवणूक सोसावी काय? मुळीच नाही. जे मोजता येते ते लिहावे, आणि लिहिलेले पाळले नाही तर मागावे. यात कोणाचाही अपमान नाही. मेस्तही लाकूड, मापे, सांधे लिहून द्यायला तयार होतेच. मात्र लबाड आणि प्रामाणिक यांतला भेद कसा ओळखावा, याची एक खूण आम्हांस या प्रसंगात मिळाली. लबाड माणूस सर्वच गोष्टींचे वचन देतो; कारण कोणतेच पाळावयाचे नसते. प्रामाणिक माणूस काही गोष्टींचे वचन नाकारतो, आणि त्यासाठी हातात आलेला पैसा परत करतो. आमच्यासमोर ठेवलेल्या त्या नोटा हा मेस्तांच्या सचोटीचा सर्वांत बळकट पुरावा होता. आणि पुराव्यांवर पोट भरणाऱ्या आम्हांस तो दिसला नाही.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही परत गेलो. आवाजाचे कलम खोडले, भरपाईचे कलमही खोडले. तारीख तेवढी ठेविली. त्यांनी सही केली. नंतर त्यांनी पाठीसाठी ठेवलेल्या फळ्या दाखविल्या. शिसवीच्या, जांभळट काळसर रेघांच्या. तबलीसाठी मात्र युरोपातल्या डोंगरांतले स्प्रूस. हे ऐकून आम्हांस एक मौज कळली. पूर्वी स्पेनमधील कारागीर ब्राझीलची शिसवी वापरीत. ती दुर्मिळ झाल्यावर आमच्या सह्याद्रीची शिसवी तिकडे जाऊ लागली. म्हणजे आपल्या डोंगरातले झाड समुद्रापलीकडे जाऊन 'स्पॅनिश' म्हणून नावाजले जाते. पण अशी तोड फार झाली. ब्राझीलच्या शिसवीचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने १९९२ साली बहुतांशी बंद झाला. २०१७ पासून या कुळातील साऱ्या झाडांवर परवान्याचे निर्बंध आले, आणि तयार वाद्यांना त्यांतून २०१९ साली सूट मिळाली. तारांचे तसेच. पूर्वी त्या जनावरांच्या आतड्यांच्या असत. दुसऱ्या महायुद्धात ती तात शस्त्रक्रियेतील टाक्यांसाठी जाऊ लागली, आणि १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीन याने नायलॉनच्या तारा आणल्या. आपल्या देवळांतल्या सुवारीच्या घुमटाला घोरपडीचे कातडे लागे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते वर्ज्य झाले, शेळीचे आले, आणि त्याच घुमटाला २०१९ साली गोव्याच्या वारसावाद्याचा मान मिळाला. वाद्य घडवून घेण्याच्या व्यवहारात आपण दोनच पक्ष मोजतो, सांगणारा आणि करणारा. तिसरा पक्ष झाडाचा आणि जनावराचा असतो. त्याची सही कोणी घेत नाही. म्हणून त्याच्या वतीने काटकसर करणे हे उरलेल्या दोघांचे कर्तव्य ठरते.

त्यानंतर वाट पाहणे सुरू झाले. गिटारीच्या इतिहासात वाट पाहण्याच्या दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. त्या आम्ही त्याच दिवसांत वाचल्या. दोन्ही आन्द्रेस सेगोव्हिया या विसाव्या शतकातील थोर वादकाच्या आहेत. १९१२ च्या सुमारास, वयाच्या विशीच्या आत-बाहेर असताना, माद्रिदमधील आपल्या मैफलीसाठी चांगली गिटार भाड्याने मागण्यास तो मान्युएल रामीरेझ या कारागिराकडे गेला. पियानो भाड्याने मिळतो, मग गिटार का मिळू नये, हा त्याचा युक्तिवाद. त्याचे वादन ऐकून रामीरेझने गिटार त्याला देऊनच टाकली, आणि फेड पैशाने करू नको असे सांगितले. ही गिटार मुळात दुसऱ्या एका नामवंत वादकासाठी केलेली होती. त्याने ती हातात घेताच किंमत पाडण्यासाठी दोष काढावयास सुरुवात केली, तेव्हा रामीरेझने ती उचलून कपाटात ठेवली, अशी हकीकत रामीरेझ घराण्यात सांगितली जाते. दुसरी गोष्ट म्यूनिचच्या हेर्मान हाउझरची. १९२४ साली त्याने सेगोव्हियाजवळची ती गिटार पाहिली, तिची मापे घेतली. मग वर्षांमागून वर्षे तो गिटारी करून दाखवीत राहिला आणि सेगोव्हिया 'अजून नाही' म्हणत राहिला. १९३७ साली केलेली गिटार मात्र त्याने स्वीकारली, आणि पुढे सुमारे पाव शतक तीच वाजविली. दोन्ही वाद्ये १९८६ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

या गोष्टींतून आम्ही घेतलेला अर्थ असा. घडवून घेणाऱ्याला नाकारण्याचा अधिकार आहे. सेगोव्हियाने तो बारा-तेरा वर्षे बजावला. परंतु हाउझरला त्याने घाई केली नाही, आणि हाउझरनेही 'निदान ही तरी घ्या' असा आग्रह धरला नाही. अधिकार बजावणे आणि माणसाला रेटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे आम्हांस वाचून कळले होते. दुर्दैवाने वाचून कळणे पुरत नाही.

नवव्या महिन्याची तारीख टळली. मध्ये पावसाळा येऊन गेला होता, त्याचे आम्ही वजा केले. दहावा महिना गेला. फोन केला तर मेस्त 'चालू आहे' एवढेच सांगत. एकदा तेही नाही. फोन वाजत राहिला. घरी मुलगी मोठ्या गिटारीवर वाजवीत होती, आणि रात्री मनगट गरम पाण्याने शेकीत होती. अकराव्या महिन्यात एके संध्याकाळी आम्ही कार्यालयातून वकिली नोटीस पाठविली. भाषा सभ्य होती, आम्ही असभ्य नोटीस कधीच पाठवीत नाही. पंधरा दिवसांत वाद्य द्यावे अथवा रक्कम व्याजासह परत करावी, अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल. कन्येला सांगितले नाही.

उत्तर आले नाही. आठव्या दिवशी आम्ही स्वतः गेलो. मेस्त खिडकीपाशी बसून एका फिकट फळीच्या आतल्या बाजूला पंख्याच्या पात्यांसारख्या बारीक पट्ट्या बसवीत होते. आमची नोटीस शेल्फवर, रंध्याखाली नीट घडी करून ठेवलेली होती. त्यांनी आम्हांस बसावयास स्टूल दिले, आणि कोपऱ्यातून दुसरी एक तबली काढून उजेडात धरली. ती जवळजवळ पुरी झालेली होती. पट्ट्या बसलेल्या, ध्वनिछिद्राभोवतालचे नक्षीचे कडे बसलेले. "इथे बघा," ते म्हणाले. आम्हांस काही दिसले नाही. त्यांनी आमचे बोट धरून घोडी बसते त्या जागेखाली ठेवले. तरीही काही कळले नाही. मग त्यांनी फळी किंचित वाकविली, तेव्हा धाग्याच्या शेंडीएवढी एक रेघ उजेडात चमकली आणि नाहीशी झाली. लाकडातली चीर. सहा तारांचा मिळून सुमारे चाळीस किलो ताण या अडीच मिलिमीटरच्या फळीवर अष्टौप्रहर असतो. ही चीर आज बोलली नसती, वर्षभरातही नाही. चार-पाच वर्षांनी उघडली असती. तोवर आमच्या कराराची मुदत केव्हाच संपली असती. ठोकून पाहताना त्यांना आवाजात काहीतरी खटकले, म्हणून त्यांनी शोधले. मग ते सगळे काम बाजूला टाकून स्वतःच्या पैशाचे नवे लाकूड घेतले, हवेतला ओलावा उतरेपर्यंत थांबले आणि पुन्हा आरंभ केला.

"मला कळवले का नाही?" आम्ही विचारले.

"काय कळवणार? काम चांगले चालले नाही, हे गिऱ्हाइकाला सांगायचे नसते. ते आपले आपण निस्तरायचे असते."

या उत्तरात थोडी चूक आहे, हे आम्ही वकील म्हणून अजूनही म्हणतो. त्यांनी दोन शब्द कळविले असते तर आमची नोटीस गेली नसती. वाट पाहणाऱ्यालाही कळण्याचा हक्क असतो. पण त्यांची चूक बोलण्याची होती, आमची न्यायाची होती. आमच्या करारातले कोणतेही कलम ती चीर पकडू शकत नव्हते. कोणताही तज्ज्ञ साक्षीदार ती दाखवू शकला नसता. ती पकडली एका माणसाच्या मनाने, जेथे दुसरे कोणी पाहत नव्हते तेथे. आणि ज्या विलंबात ते मन काम करीत होते, नेमका त्याच विलंबाबद्दल आम्ही त्याला आरोपी केले होते.

घरी येताना पुरीच्या जगन्नाथाची कथा आठवली. राजा इंद्रद्युम्नाकडे एक म्हातारा सुतार आला. मूर्ती करतो, पण एकवीस दिवस दार उघडू नका, एवढीच त्याची अट. काही दिवस आतून हत्यारांचा आवाज येत होता. मग तो थांबला. म्हातारा मेला की काय, या शंकेने राजाने दार उघडविले. सुतार नाहीसा झाला आणि मूर्ती हातांवाचून अर्धवट राहिल्या. देवाने तेच रूप पत्करले, आणि आजही त्याच रूपाची पूजा होते. आपल्या कीर्तनांतून ही कथा देवाच्या करुणेची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण देवाने अपूर्णत्व पत्करले म्हणून राजाची घाई पुण्य ठरत नाही. राजाचा हेतू वाईट नव्हता. त्याला काळजीच वाटत होती. आम्हांसही काळजीच वाटत होती. बंद दारामागे आवाज थांबला, की आत काही चाललेले नाही असे मानणे, हा पैसे देणाऱ्याचा जुना रोग आहे. कारागिराचे सर्वांत मोठे काम कित्येकदा हत्यार खाली ठेवल्यावर चालते.

आणखी एक गोष्ट मनात आली, ती आमच्या वाचकांपुढे संकोचानेच ठेवतो. मूर्ती घडविणाऱ्याच्या हाताने देवाचे डोळे, ओठ, बोटे घडतात. प्राणप्रतिष्ठा झाल्यावर तोच हात कित्येक देवळांत गाभाऱ्याच्या उंबरठ्यापलीकडे जाऊ शकत नाही. संगमरवरी फरशीवर देणगीदाराचे नाव कोरलेले असते, कोरणाऱ्याचे नसते. आणि हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. सेगोव्हियाच्या त्या पहिल्या गिटारीवर मालक रामीरेझचे नाव आहे, पण ती त्याच्या कारखान्यातील सान्तोस एर्नान्देझ याच्या हातची असे जाणकार मानतात. घडवून घेणारा आणि घडविणारा यांच्यामध्ये पैशाने जे अंतर पडते, ते आपण धर्माने आणि रूढीने आणखी रुंद करून ठेवले आहे. नोटीस पाठविताना आमच्या हाताला जी सहजता होती, ती केवळ कायद्याने शिकविलेली नव्हती, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

गिटार चौदाव्या महिन्यात मिळाली. मेस्तांनी आतल्या चिठ्ठीवर आपल्या नावाखाली पॉलिश करणाऱ्या मुलाचेही नाव लिहिले होते. मुलीचा हात दांडीवर बसला आणि मनगट सरळ राहिले, हे आम्ही पहिल्या क्षणीच पाहिले. करारातील कलमे तेथवर पुरी झाली. आवाजाविषयी विचाराल, तर तो प्रथम दबलेला वाटला. नवी तबली वाजवता वाजवता मोकळी होते, वर्षभर तरी धीर धरा, असे मेस्तांनी सांगून ठेवले होते. या वेळी आम्ही धीर धरला. तो आवाज आता रोज संध्याकाळी घरात असतो. थोडा खोल, थोडा घोगरा, आमच्या कल्पनेतल्यासारखा मुळीच नाही. वाद्य आमच्या मालकीचे आहे, पावती आमच्या नावाची आहे. आवाजाबद्दल तसे म्हणण्यास जीभ रेटत नाही. त्यात एका झाडाचा वाटा आहे, एका माणसाच्या टाकून दिलेल्या महिन्यांचा आहे, आणि आता मुलीच्या बोटांचा आहे. आमचा वाटा असलाच तर तो चार महिने उशिरा आलेल्या संयमाचा.

नोटिशीची प्रत आमच्या कार्यालयातील फाईलीत आहे. ती आम्ही फाडलेली नाही. चीर सापडली तो दिवस मेस्तांनी त्या टाकून दिलेल्या तबलीवर पेन्सिलीने लिहून ठेवला होता. ती तारीख आम्ही प्रतीच्या कोपऱ्यात उतरवून घेतली आहे. ती आमच्या नोटिशीच्या अकरा दिवस आधीची आहे.